गेटवे कुठला, ते मशीनलाच विचारायचं: तालमीच्या अभ्यासिकेतल्या कामाच्या नोंदी

आमच्या तालमीच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका सुरू करायची, असं मे महिन्यात ठरलं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दोन खोल्यांत सहा-सहा माणसं राहतात. पोलिस भरतीचा, तलाठ्याचा, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींना टेबल टाकायलाही जागा मिळत नाही, आणि फॉर्म भरायचा तर नेट कॅफेत तासाला पैसे मोजावे लागतात. उद्घाटनाची तारीख वस्तादांनी आधीच पक्की केली: २६ जून, शाहू जयंती.

ओळखीपाळखीतून अकरा जुने संगणक गोळा झाले. ते सगळे एका फायबर जोडणीवर आणणं माझ्याकडं आलं. मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स बघतो. संध्याकाळी सातनंतर आणि सुट्टीच्या दिवशी हे काम केलं, आणि रोज रात्री वहीत लिहीत गेलो. दुसऱ्या एखाद्या तालमीला, मंडळाला किंवा शाळेला हेच काम करायचं असेल, तर जे दिवस माझे गेले ते त्यांचे जाऊ नयेत म्हणून त्या नोंदी इथं देतोय.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजी अक्षरांत मारायच्या.

रविवार, १ जून २०२५

मशीन मोजली. सातांवर विंडोज १०, तिनांवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम), एक मॅक मिनी. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, म्हणून सगळ्यांत जुनी जी तीन होती त्यांच्यावर मी आधीच मिंट घातलं होतं. प्रत्येक मशीनवर खडूनं नंबर टाकला, १ ते ११. या नंबरांचा पुढं फार उपयोग झाला. "ते खिडकीजवळचं" आणि "ते काळं" असं फोनवर सांगत बसलो असतो तर महिना पुरला नसता.

फायबरचा डबा, म्हणजे बाहेरचं नेट आत आणणारी पेटी, जिन्याच्या वर, छताला लागून बसवला. यंदा मेअखेरीसच पाऊस सुरू झाला आणि खालच्या भिंतीला हात लावला तर ओला होतोय.

१ नंबरचं मशीन थेट डब्याला जोडलं. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबलं, सीएमडी लिहून एंटर, आणि काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग. हा एकच शब्द आहे, मध्ये जागा सोडायची नाही. शेवटच्या ओळीत डिफॉल्ट गेटवेसमोर १९२.१६८.१.१ आलं. ब्राउझर उघडला, नेट चालू.

गेटवे म्हणजे वेस. गावातल्या गावात हिंडायला वेशीशी काम पडत नाही, परगावी जायचं तर तिथूनच बाहेर पडावं लागतं. प्रत्येक मशीनला आपली वेस कुठली ते माहीत असावं लागतं, आणि ती खरोखरच वेस असावी लागते. या दुसऱ्या गोष्टीनं मला पुढं पाच दिवस रडवलं.

सोमवार, २ जून

केबल ओढली. कॅट ६, ७० मीटर. सोबत तालमीतली दोन पोरं होती. सातला सुरुवात केली ती साडेअकरापर्यंत.

अकरा मशीन, एक प्रिंटर आणि पुढं वाय-फायचा राउटर, म्हणजे तेरा जागा हव्यात. आठ पोर्टचा एक जुना स्विच (बऱ्याच केबल एकत्र जोडणारी पेटी) फुकट मिळालाय, तो १०० मेगाबिटचा. आठ पोर्टचा दुसरा, गिगाबिटचा, म्हणजे दहापट वेगाचा, नवा घेतला. सोळा पोर्टांतले दोन एकमेकांना जोडण्यात गेले, एक फायबरच्या डब्याकडं गेला. राहिले बरोबर तेरा.

शेवटी दोन मशीन अडली, ४ आणि ९. मी दोन्हींचा दोष एकच धरला आणि दोन्हींकडच्या केबलची टोकं कापून नव्यानं क्रिम्प केली, म्हणजे कनेक्टर दाबून बसवले. चार कनेक्टर आणि पाऊण तास गेला. ९ तसंच राहिलं. आधी आयपीकॉन्फिग वाचलं असतं तर कळलं असतं की दोघांचं दुखणं वेगळं आहे.

४ नंबर सांगत होतं: मीडिया डिस्कनेक्टेड. म्हणजे तारच लागलेली नाही. क्रिम्प करणाऱ्या पोरानं पांढऱ्या-हिरव्याशेजारी हिरवा घातला होता, जोडी म्हणून. डोळ्याला तेच बरोबर दिसतं, पण क्रम तसा नाही. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, मग निळा, पांढरा-निळा, आणि त्यानंतर हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी फाकलेली असते. हा क्रम मी खडूनं दारामागं लिहून ठेवला.

९ नंबर सांगत होतं: पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा, आणि गेटवेची जागा कोरी. याचा अर्थ तार लागली आहे, पण मशीननं पत्ता मागितला तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला. ९ होतं जुन्या स्विचवर, आणि दोन स्विचना जोडणारी केबल एका टोकाला नुसती टेकवलेली होती. दाबल्यावर टक् असा आवाज आला आणि अर्ध्या मिनिटात गेटवे दिसला.

बुधवार, ४ जून

६ नंबर. हे एका ऑफिसातून आलेलं मशीन. प्रिंटरवर कागद येतोय, शेजारच्या मशीनमधली फाइल उघडतेय, फक्त नेट नाही.

दोन तास मी ब्राउझरशी झगडलो. अँटिव्हायरस काढला, ब्राउझर काढून पुन्हा घातला. आज कळलं ते ठळक लिहून ठेवतो: गावातलं सगळं चालतंय आणि परगावचं काहीच चालत नाही, तर आधी गेटवे बघायचा.

आयपीकॉन्फिगमध्ये गेटवे होता १९२.१६८.१.२५४. आमच्याकडं असा कुणी नाही. जुन्या ऑफिसात असणार. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारलं, तर डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणं) एनेबल्डसमोर नो. म्हणजे पत्ता हातानं भरून ठेवलेला होता.

त्या २५४ ला पिंग केलं, म्हणजे समोर कुणी आहे का म्हणून हाक मारली, तेव्हा सोबतचा पोरगा म्हणाला, "दादा, रिप्लाय येतोय की. चारला चार आलेत." स्क्रीनवर खरंच रिप्लाय फ्रॉम लिहिलेलं होतं, खाली लॉस शून्य टक्के. पण ओळ नीट वाचली तर रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.५०, आणि ५० हा त्या मशीनचा स्वतःचाच पत्ता. पुढं डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. मशीन स्वतःच स्वतःला सांगत होतं की समोर कुणी नाही, आणि विंडोज ते उत्तर म्हणून मोजत होतं. पिंग वाचताना फ्रॉमच्या पुढचा आकडा आधी बघायचा.

ॲडाप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता आपोआप घेण्यावर टाकला. गेटवे १९२.१६८.१.१ आला. तरी साइट उघडेनात! पुन्हा चाळीस मिनिटं. ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या पत्त्याला, पिंग जात होतं, नावानं काही उघडत नव्हतं. त्याच खिडकीत खालच्या अर्ध्या भागात डीएनएसही (साइटच्या नावाचा आकडी पत्ता सांगणारा) हातानं भरलेला होता, जुन्या ऑफिसाच्या सर्व्हरचा. वरचा अर्धा बदलला की खालचाही आपोआप बदलतो असं मी समजत होतो. तसं होत नाही, दोन्हीकडं वेगळी खूण करावी लागते.

मिळालेली जुनी मशीन वापरणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी तपासावं. मी बाकीची दहाही आज रात्रीच बघून घेतली. ११ वरही तोच प्रकार निघाला.

रविवार, ८ जून

सगळ्यांचे गेटवे एका कागदावर उतरवायचे ठरवलं. आयपीकॉन्फिगची लांबलचक यादी वाचत बसायला नको म्हणून पुढं उभी दांडी देऊन फाइंडस्ट्र गेटवे जोडलं, म्हणजे गेटवे शब्द असलेली ओळच तेवढी दिसते. एका पोरीला सांगितलं, प्रत्येक मशीनवर हे मार आणि लिहून आण.

तिनं आणलेला कागद बघून मी गोंधळलो. विंडोजच्या सातही मशीनपुढं एफई८० नं सुरू होणारं काहीतरी लांब लिहिलेलं, शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि आकडा. तिनं एकही अक्षर चुकवलं नव्हतं. चूक माझ्या युक्तीत होती. आमचा फायबरचा डबा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते, सुद्धा देतो. अशा वेळी विंडोज गेटवेच्या ओळीत आधी आयपीव्ही६चा पत्ता लिहितं आणि १९२.१६८.१.१ त्याच्या खालच्या ओळीत, शब्दाशिवाय नुसताच टाकतं. फाइंडस्ट्रनं शब्द असलेली ओळ ठेवली आणि मला हवी होती ती गाळली.

तेव्हापासून विंडोजवर मी राउट प्रिंट वजा ४ मारतो. वजा ४ दिलं की फक्त आयपीव्ही४चा, म्हणजे जुन्या आकडी पत्त्यांचा, तक्ता येतो. त्यात अगदी वरची ओळ, जिथं पहिल्या दोन रकान्यांत ०.०.०.० आणि ०.०.०.० आहे, ती वेशीची ओळ. तिसऱ्या रकान्यात गेटवे, चौथ्यात आपला स्वतःचा पत्ता, पाचव्यात मेट्रिक, म्हणजे त्या वाटेच्या पसंतीचा आकडा. पाचही रकाने वाचायची सवय लावून घेतली हे बरं झालं. शेवटचा रकाना २१ तारखेला कामाला आला.

मंगळवार, १० जून ते शनिवार, १४ जून

हे पाच दिवस एकत्र लिहितोय, कारण पाचही दिवस मी एकाच चुकीभोवती फिरलो.

मोबाइलवर अभ्यास करणाऱ्यांसाठी वाय-फाय हवं होतं. घरी एक जुना राउटर पडून होता. मंगळवारी तो आणला, स्विचची केबल त्याच्या पिवळ्या पोर्टात घातली, वाय-फाय दिसू लागलं, घरी गेलो.

बुधवारी सकाळी आठला फोन. "दादा, नेट लागंना झालंय." संध्याकाळी जाऊन बघतो तर चालू. माझ्यासमोर दहा मिनिटं चाललं आणि ३ नंबर बंद पडलं. मग ३ सुरू झालं आणि ७ गेलं. प्रत्येक मशीनवर आयपीकॉन्फिग बघितलं, गेटवे सगळीकडं १९२.१६८.१.१. बरोबर आहे म्हणून मी गेटवेवर फुली मारली आणि इतर ठिकाणी शोधू लागलो.

गुरुवारी सगळ्या क्रिम्प पुन्हा तपासल्या. शुक्रवारी जुना स्विच बिघडला असं ठरवून वर्कशॉपमधून एक तात्पुरता आणला, काही फरक नाही. शुक्रवारी रात्रीच फायबरवाल्यांकडं तक्रारही टाकली. त्यांचा माणूस शनिवारी दुपारी येऊन डब्यापर्यंतची लाइन बघून गेला आणि म्हणाला, आमच्या बाजूनं ठीक आहे. मी त्याच्याशी थोडा चढ्या आवाजात बोललो. तो बरोबर होता, मी चूक होतो. पुढं तो भेटला तेव्हा मी तसं सांगितलं.

गुरुवारी एक गोष्ट नजरेला पडली होती, तेव्हाच तिचा पाठलाग करायला हवा होता. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलमध्ये पत्त्याची मुदत दिसते, लीज एक्स्पायर्सच्या ओळीत. २ नंबरला ती पुढच्या दिवशीची होती, ३ नंबरला दोनच तासांनंतरची. एकच डबा दोघांना वेगळ्या मुदतीनं पत्ते कशाला देईल? मी ते वहीत लिहिलं आणि पान उलटलं.

रविवार, १५ जून

सकाळी नऊला एकटाच बसलो. ती मुदतीची नोंद परत वाचली आणि शेजारी-शेजारी दोन मशीनवर एआरपी वजा ए मारलं.

ही आज्ञा दाखवते, की या आकड्याच्या पत्त्यावर प्रत्यक्ष कुठला डबा आहे. १९२.१६८.१.१ समोर त्या डब्याचा फिजिकल ॲड्रेस येतो, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. २ नंबरवर शेवटची जोडी होती ३सी. ३ नंबरवर ए७. पहिल्या तीन जोड्या कंपनी सांगतात, त्यासुद्धा वेगळ्या.

घराचा नंबर एक, घरं दोन.

स्टुलावर चढून फायबरच्या डब्यामागचा स्टिकर वाचला: शेवटी ३सी. मग टेबलावरचा जुना राउटर उलटा केला. स्टिकर पिवळा पडलेला, कडा सुटलेल्या, वर घरच्या स्वयंपाकघराचा तेलकट थर. अंगठ्यानं पुसलं तर शेवटी ए६ दिसलं. एकाचा फरक बघून क्षणभर थबकलो, पण पहिल्या पाचही जोड्या जुळत होत्या. एकाच राउटरच्या निरनिराळ्या बाजूंना लागोपाठचे पत्ते असतात, त्यामुळं स्टिकरशी शेवटच्या अक्षरात असा फरक पडू शकतो. खात्री करायला राउटरची वीज काढली, ३ नंबरवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सीएमडी उघडून एआरपी वजा डी तारा मारून जुनी आठवण पुसली, गेटवेला पिंग केलं, पुन्हा एआरपी वजा ए. आता ३सी. नेट चालू, आणि अर्ध्या तासात एकदाही तुटलं नाही.

घडलं होतं ते असं. घरचा राउटरही कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन आला होता, आणि तोही पत्ते वाटत होता. मशीन विचारायचं, १.१ कोण? दोघंही म्हणायचे, मी. ज्याचं उत्तर मशीन धरून ठेवेल त्याच्याकडं सगळं जायचं. जुन्या राउटरला मागं लाइनच नव्हती, त्याच्याकडं गेलेलं तिथंच संपायचं. थोड्या वेळानं मशीन पुन्हा विचारायचं आणि नशिबानं दुसरा मिळायचा. म्हणून आत्ता चालू, आत्ता बंद.

दुरुस्ती: राउटर स्विचपासून सोडवला. एक मशीन फक्त त्यालाच जोडून त्याचं पान उघडलं. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. मग पुन्हा नव्या पत्त्यावर पान उघडून पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं. क्रम हाच ठेवा. आधी डीएचसीपी बंद केलं तर आपल्या मशीनलाच पत्ता मिळायचा नाही आणि तो हातानं भरत बसावं लागेल. फायबरचा डबा १.२ हा पत्ता दुसऱ्या कुणाला देऊ नये म्हणून त्याची वाटायची सुरुवात १.१० पासून केली. नंतर स्विचची केबल परत पिवळ्याच पोर्टात. निळ्यात घातली असती तर राउटरनं आपली वेगळी वस्ती केली असती आणि वाय-फायवाल्यांना प्रिंटर दिसला नसता.

शेवटी सगळ्या विंडोजवर आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज, मग स्लॅश रिन्यू. बाकीच्यांच्या केबल काढून घातल्या. अकराही ठिकाणी १.१ समोर ३सी. साडेबाराला संपलं. खाली आखाड्यात वस्ताद माती उकरून घेत होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी एका नावाचं दोन पैलवान एकाच जोडीला पुकारल्यागत झालं की." अगदी तसंच.

गुरुवार, १९ जून

मिंट आणि मॅक. इथं फार काही घडलं नाही, आज्ञा तेवढ्या लिहितो.

मिंटवर मी जुन्या सवयीनं राउट वजा एन मारलं, तर कमांड नॉट फाउंड. तो जुना संच आता बऱ्याच ठिकाणी आपोआप येत नाही. आयपी, जागा, राउट मारायचं. पहिलीच ओळ येते: डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१, पुढं डेव्ह आणि कार्डाचं नाव. व्हायाच्या पुढचा तो गेटवे. डबा कुठला ते बघायला आयपी नेब (नेब मारताना अक्षरं एन-ई-आय-जी-एच). मिंटवाल्या एका पोराला प्रॉक, नेट, राउट ही फाइल सापडली आणि त्यात गेटवेच्या रकान्यात ०१०१ए८सी० असं होतं. ते उलट्या बाजूनं, दोन-दोन अक्षरं घेऊन वाचायचं: सी० म्हणजे १९२, ए८ म्हणजे १६८, मग १ आणि १. त्यानं कागदावर स्वतः सोडवलं. आज्ञेनं भागत असताना याची गरज नाही, पण त्याचा चेहरा बघून मला फार बरं वाटलं.

मॅकवर नेटस्टॅट वजा आरएन चालतं, फक्त यादी लांब येते आणि खाली आयपीव्ही६च्या भागात डिफॉल्टच्या आणखी ओळी असतात. त्यापेक्षा राउट वजा एन गेट डिफॉल्ट. गेटवेसमोर एकच आकडा मिळतो.

शनिवार, २१ जून

८ नंबर. नेट चालतंय, पण प्रिंटर मध्येच दिसत नाही म्हणून बोलावलं, असं एकाचं म्हणणं. मी पोचलो तेव्हा प्रिंटर दिसत होता. ते बाजूला ठेवलं आणि राउट प्रिंट वजा ४ मारलं.

०.०.०.० च्या दोन ओळी. एकीत १९२.१६८.१.१, मेट्रिक ३५. दुसरीत १९२.१६८.४२.१२९, मेट्रिक २५. दोन वेशी असल्या की कमी मेट्रिकवाली वापरली जाते, म्हणजे हे मशीन आमच्या फायबरनं बाहेर जातच नव्हतं. ४२.१२९ हा आकडा मी आधी पाहिला होता. अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडून त्याचं इंटरनेट मशीनला दिलं की बऱ्याच फोनांवर हाच पत्ता येतो.

मशीनच्या मागं फोन चार्जिंगला लावलेला होता, टेदरिंग चालू राहिलेलं. फोन होता पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीचा. तीन दिवस तिचा दीड जीबीचा पॅक दुपारपर्यंत संपत होता आणि रात्री ग्राउंडचे व्हिडिओ बघता येत नव्हते. तिला वाटत होतं फोन बिघडला. फॉर्म भरणारे, प्रवेशपत्रं काढणारे सगळे तिच्या पॅकवर चालले होते आणि कुणालाच माहीत नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं. तीन दिवसांचे पैसे तिला तालमीच्या पेटीतून दिले. ती नको म्हणत होती.

फोनची ओळ जिंकली कशी, हे मात्र शोधलं. विंडोज मेट्रिक आपोआप ठरवतं ते जोडणीच्या वेगावरून. ८ नंबर जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर आहे, म्हणून ३५. फोनची यूएसबी जोडणी त्याहून वेगवान दिसते, म्हणून २५. नव्या स्विचवरच्या मशीनला गिगाबिटमुळं २५ येतं. फुकटचा स्विच असा महाग पडला. आता चार्जिंगसाठी भिंतीला वेगळी पट्टी लावली आहे आणि मशीनला फोन जोडायचा नाही असं ठरलंय.

सोमवार, २३ जून

भिंतीवर कागद लावला. छापील नाही, हातानं, मोठ्या अक्षरांत. दोन वेळा लिहावा लागला. पहिल्यात मी सगळ्या आज्ञा एकाखाली एक लिहिल्या होत्या. पोरं वाचून म्हणाली, "हे सगळं मारायचं व्हय?" दुसऱ्यात मशीन काय म्हणतंय त्यावरून पुढं काय करायचं तेवढंच लिहिलं.

आधी मशीनला विचार, तुझा गेटवे कुठला. विंडोजवर राउट प्रिंट वजा ४, मिंटवर आयपी राउट, मॅकवर राउट वजा एन गेट डिफॉल्ट. कोरा असेल आणि पत्ता १६९.२५४ चा, तर केबल आणि स्विच बघ. भलताच आकडा असेल तर फोन किंवा हातानं भरलेला पत्ता. दोन ओळी असतील तर मेट्रिक बघ. १९२.१६८.१.१ असेल तर एआरपी वजा ए मार, मिंटवर आयपी नेब, आणि ३सी जुळतंय का बघ. जुळत असेल तर त्याला पिंग कर. पिंग येतंय आणि ८.८.८.८ ला जात नाही, तर बिघाड आपल्या खोलीत नाही. फायबरवाल्यांचा नंबर खाली आहे.

आज्ञा या कागदावर मात्र इंग्रजी अक्षरांत, आणि शेजारी उच्चार देवनागरीत. पहिल्यांदा काळी खिडकी बघणाऱ्याला दोन्ही लागतात.

गुरुवार, २६ जून

उद्घाटन. सकाळी दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालून सगळे तालमीत आले. ज्या राजानं १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, खेड्यापाड्यातल्या पोरांना शिकायला राहायची जागा करून दिली, त्याच्या जयंतीला आपल्या पेठेत अकरा टेबलं भरलेली बघून वस्तादांचे डोळे भरून आले. दिवसभर नेट एकदाही गेलं नाही. मी दर तासाला बघत होतो.

रविवार, २९ जून

खर्च: केबल १५४० रुपये, नवा स्विच ११५०, क्रिम्पिंगचं हत्यार ३८०, केबल टेस्टर २२०, तीस कनेक्टर २४०. एकूण ३५३०. यातला टेस्टर मी दुसऱ्या दिवशी घेतला, पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता.

वेळ: सरळ काम धरलं तर साधारण बावीस तास. चुकांत गेलेला वेळ जवळजवळ तेवढाच, आणि त्यातला बहुतेक १० ते १४ जूनचा.

काल संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी फोन आला. ज्या मुलीचा पॅक संपत होता, तीच. "दादा, नेट गेलंय. गेटवे १.१ च हाय, ३सी जुळतंय, पिंग येतंय, ८.८.८.८ ला जाईना. फायबरवाल्यांना मी लावलाय फोन, लाइन तुटल्या म्हणालेत, तासाभरात करतो म्हणालेत. तुमाला नुसतं सांगायला केला." सव्वासहाला तिचाच मेसेज आला की आलं.

राहिलेलं काम: जुना स्विच बदलायचा आहे, आणि डब्यासाठी छोटा यूपीएस घ्यायचा आहे. पावसात वीज दिवसातून दोन-तीनदा जाते आणि डबा पुन्हा उभा राहायला तीन-चार मिनिटं लागतात. कुणाचा फॉर्म शेवटच्या पानावर असेल तर ती मिनिटं फार असतात.